सोमवारी सव्वादहाची वेळ

आमच्या बेटावर माणसं साडेतीनशे,
मेंढ्या त्याच्या दुप्पट,
आणि फुटबॉलमधलं कळणारे
मेंढ्या धरून सगळेच.

मैदान समुद्राला चिकटून.
वारा सुटला की चेंडू पाण्यात,
म्हणून याकुप होडीत बसून असतो
जाळं घेऊन, नव्वद मिनिटं.
गेल्या मोसमात सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस
आम्ही एकमताने त्यालाच दिलं.

फेरो बेटांवरचा उन्हाळा तो,
आम्ही सामना बघतो गाडीत बसून, काचा वर करून.
आपला गोल झाला की हॉर्न.
त्यांचा झाला की वायपर.

मी रान्वा. बेकरी माझी.
रविवारी माझ्या काउंटरवर
तोच सामना पुन्हा होतो,
ह्यावेळी नीट.
दालचिनीचे रोल म्हणजे आपला बचाव,
मीठदाणी त्यांचा नऊ नंबर,
साखरेचा डबा म्हणजे होग्नी, आपला गोली.
खेळवणारा ट्रोंडुर,
ज्याचा पाय चेंडूला जन्मात एकदाच लागला,
तोही घसरून पडताना.
"असा पुढे यायला हवा होता! असा!"
डबा पुढे येतो
आणि कुणाच्या तरी कॉफीत सांडतो.

त्या रविवारी तो म्हणाला,
"अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला काय दिवे लावले!
अरे, त्याच्या पायांमधून ट्रॉलर जाईल,
तोसुद्धा दिवे लावून!"
सगळे हसले.
रांगेत तिसरा होग्नी हसला नाही.
राईचा पाव घेतला, सुटे पैसे मोजून दिले,
दार हळूच लावून गेला.

आता अडचण अशी
की बेटावर दातांचा डॉक्टर एकच,
त्याचं नाव होग्नी,
आणि ट्रोंडुरची खालची दाढ गुरुवारपासून ठणकत होती.

पुढचं मला मार्यूनने सांगितलं.
ती तिथे कापूस पुरवते
आणि माझ्याकडे बातम्या.

"मोठा आ करा," होग्नी म्हणाला.
मग दिवा लावला, आरसा घातला, नळी घातली,
आणि सामना पहिल्या मिनिटापासून सुरू केला.
वारा वाकडा होता, म्हणाला, उजेड वाकडा होता,
(अंगण तर आमचं मुळातच वाकडं)
त्यांच्या नऊ नंबरचं कोपर बरगडीत होतं,
शिवाय डोळ्यावर ऊन.
ऊन?
ट्रोंडुरला ओरडायचं होतं,
मे महिन्यापासून दिसलंय का कुणाला ऊन?
पण तोंडात दोन बोटं, अर्धी जीभ बधिर.

"सात अडवले मी," होग्नी म्हणाला, जरा थांबून.
"सात. एकासाठी तरी हॉर्न वाजला?"
नळीचा आवाज तेवढा चालू होता.
"म्हणजे चूक माझी एकट्याची नव्हती, बरोबर?"
"आँ."
"नक्की?"
"आँ."
मार्यूनने वहीत लिहून ठेवलं, तारीख घालून.

दाढ निघाली. पैसे होग्नीने थोडे कमीच घेतले.

पुढच्या शनिवारी, बाराव्या मिनिटाला,
एक साधा, सरपटत आलेला चेंडू
होग्नीने पोटाशी धरला,
शेजारणीचं मूल धरावं तसा.
आणि हॉर्न वाजला.
एकच, लांबलचक.
सगळ्यांनी माना वळवल्या, गोल कुठे झाला?
ट्रोंडुरची जुनी हिरवी गाडी होती ती,
आत सुजलेला गाल.
होग्नीने चेंडू खाली ठेवला,
गाडीकडे वळून बघितलं,
हातसुद्धा वर केला,

आणि त्यांच्या नऊ नंबरने
तो चेंडू सावकाश जाळ्यात ढकलला.

वायपर. ओळीने चाळीस गाड्यांचे वायपर.

रविवारी साखरेचा डबा पुन्हा काउंटरवर.
"हॉर्न वाजला म्हणून काय मागे वळायचं असतं?
असं? असं?"
डबा वळला, वळला, पुन्हा वळला.
मग ट्रोंडुरने रांगेवरून नजर फिरवली,
गालाला हात लावला
आणि माझ्याकडे वाकून म्हणाला,
अगदी हळू,
"वरची पण जरा ठणकतेय गं."